आधी विचारतात, मग पोतं उचलतात : मुरबाडचं एक पेंडेचं दुकान

मुरबाडच्या बाजारात, एसटी स्टँडपासून पायी पाच मिनिटांवर हे दुकान आहे. पाटीवरचं नाव उन्हापावसाने कधीच उडालंय. आसपासच्या गावांतले लोक नुसतं 'पेंडवाले' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. गेल्या पौषापासून आजपर्यंत मी तिथून सरकी पेंड (कपाशीच्या बियांतून तेल काढल्यावर उरलेला चोथा), गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा, खनिज मिश्रण आणि चाटण विटा नेल्या. दुकान कसं आहे आणि माल कसा निघाला, हे दोन्ही लिहितो. दुभत्या जनावरांच्या खुराकावर सांगणारे पुष्कळ भेटतात. माळावर चरणाऱ्या वाढीच्या गुरांना काय घालायचं, हे मात्र कुणी धड सांगत नाही.

मी मूळ गुरांतला माणूस नाही. वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं लेथ चालवला. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. घर कोपरीला आहे, पण आठवड्यातले चार दिवस सरळगावच्या पुढे आमच्या गावी असतो. तिथे दादा-वहिनी आहेत, भातशेती आहे, वरकस माळ आहे आणि वाढीची पाच गुरं आहेत : घरच्या तीन कालवडी आणि म्हसा यात्रेतून आणलेले दोन डांगी गोऱ्हे. डांगीच्या कातडीला तेलकटपणा असतो, आषाढातला पाऊस अंगावरून निथळून जातो, म्हणून दादाचा त्यांच्यावर जीव. सकाळी आठला गुरं माळावर जातात, दिवे लागायच्या सुमाराला परततात, रात्री पुढ्यात भाताचा पेंढा पडतो. आमच्या वडिलांच्या वेळेपासून एवढाच कार्यक्रम.

दादाचं म्हणणं, "रानातलं खाऊन आपली गुरं वाढली, तू त्यात मशीन लावू नको." पण लेथवरच्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. ठाण्याहून शिंप्याची टेप नेली. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून मागच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. किलोत अंदाजे वजन येतं. काट्यावरच्यासारखं अचूक नसतं, पण एकाच जनावराचं एकाच माणसाने मोजलं तर वाढतंय की घटतंय ते कळतं. पहिल्या वर्षी जे कळलं ते वाईट होतं. दिवाळीला भरलेली गुरं होळीपर्यंत फासळ्या दाखवायला लागली. पावसाळ्यात कमावलेलं उन्हाळ्यात गमवायचं आणि पुढच्या आषाढात पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. कालवडी चार-चार वर्षांच्या होईपर्यंत गाभण का राहत नाहीत, याचं निम्मं उत्तर त्या टेपवर होतं.

मग मी शहाणपणा केला. हमरस्त्यावरच्या एका दुकानात (हे दुकान नव्हे) गेलो आणि वाढीच्या गुरांना काहीतरी ताकदीचं द्या म्हणालो. त्याने मक्याचा भरडा दिला. "शेठ, एकदम एनर्जी!" मी रोज प्रत्येकी दीड किलो घातला. गुरं तुटून पडायची. आठवड्याभरात शेण पातळ आणि आंबूस वासाचं झालं. गंमत म्हणजे पेंढ्याला कुणी तोंड लावेना, माळावरही गुरं लवकर बसायला लागली. पैसे गेले आणि चैत्रात तांबड्या कालवडीचा घेर उलट दीड इंचाने उतरला. दादा काही बोलला नाही. नुसता टेपकडे बघून गोठ्याबाहेर गेला, ते जास्त लागलं.

पुढच्या पौषात, म्हसा यात्रेच्या आठवडाभर आधी, कुणीतरी सांगितलं म्हणून मी पेंडवाल्यांकडे गेलो. सवयीने म्हणालो, "भरड्याची दोन पोती द्या."

गल्ल्यावर शेठजींची सून बसते. वय तिशीच्या आतबाहेर, समोर वही, कानाला मोबाईल. मोबाईल खाली ठेवून तिने विचारलं, "कुणासाठी काका? दुभत्याला?"

"नाही, दीड-दोन वर्षांच्या गुरांना."

"आणि खातात काय?"

"माळावर चरतात. रात्री पेंढा."

"मग भरडा कशाला नेताय? जंताचं औषध कधी पाजलं होतं?"

कशाला नेताय, असं विचारणारा दुकानदार मला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. जंताचं औषध मी पाजलेलंच नव्हतं. ती म्हणाली, आधी दवाखान्यातून औषध घ्या, भातखाचरात चरणाऱ्या गुरांच्या काळजात, म्हणजे यकृतात, चपटे जंत असतात, तोवर माझ्याकडचं काही नेऊ नका, निम्मं तेच खातील. त्या दिवशी तिने मला दहा रुपयांचाही माल विकला नाही.

औषध पाजून पुन्हा गेलो तेव्हा तिने अर्धं पोतं सरकी पेंड दिली आणि हिशेब समजावला. नंतर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तेव्हा खरं मानलं. माझ्या भाषेत सांगायचं तर गुराचं कोठीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, हा कारखाना आहे. गवत कच्चा माल. गवत फोडणारे कामगार म्हणजे पोटातले कोट्यवधी जंतू. त्या कामगारांना जगायला नत्र लागतं, ते प्रथिनांतून मिळतं. आषाढ-श्रावणात कोवळ्या गवतात, वाळल्या वजनावर, ८ ते १० टक्के प्रथिनं असतात, तेव्हा कारखाना धडधडतो. दसऱ्यानंतर गवत निसवतं, कुसळ धरतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि होळीपर्यंत ३-४ टक्क्यांवर येतं. भाताचा पेंढाही त्याच पायरीवर. साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेलं की कामगार उपाशी, गवत पोटात नुसतं पडून राहतं, लवकर पुढे सरकत नाही. पोट भरलेलं दिसतं आणि जनावर खात नाही. समोर गवताची गंजी असून गुरं का वाळतात, हे कोडं मला साठीत सुटलं.

यात भरडा ओतला की काय होतं? मक्यात प्रथिनं जेमतेम ९ टक्के, बाकी सगळा पिष्टमय माल. त्यावर जगणारी दुसरीच टोळी माजते, पोट आंबट करते आणि गवत फोडणारी टोळी मागे हटते. म्हणजे मी पदरच्या पैशाने गुरांचं फुकटचं गवत बंद पाडलं होतं. उलट थोडी पेंड घातली की तेच वाळकं गवत गुरं जास्त खातात आणि जास्त पचवतात. ऊर्जा गवतातच आहे, ती बाहेर काढायला प्रथिनं हवीत.

आता माल.

सरकी पेंड ही इथली खरी घ्यायची वस्तू. सालीसकट गाळलेल्या सरकीच्या पेंडेत २२ ते २४ टक्के प्रथिनं असतात, साल काढून केलेलीत ३५ च्या वर. इथे सालीसकटची मिळते, ५० किलोचं पोतं. मी १,८०० पासून २,०५० पर्यंत दर मोजलाय. सरकी पेंडेचा वायदेबाजार चालतो, त्यामुळे भाव खालीवर होतात. सूनबाई सकाळी मोबाईलवर भाव बघूनच फळ्यावर खडूने लिहिते. शेंगदाणा पेंडही ठेवतात. तिच्यात प्रथिनं दुपटीच्या घरात, पण भावही तसाच, आणि आपल्या दमट हवेत तिला बुरशी पटकन धरते, म्हणून मी तिच्या वाटेला गेलो नाही.

मी प्रत्येकी दिवसाला ४५० ग्रॅमच्या हिशेबाने धरली. पाच गुरांना सव्वादोन किलो, म्हणजे एक पोतं २२ दिवस. वहिनी पहाटे बादलीत भिजत घालायची, संध्याकाळी गुरं आली की पुढ्यात. पण वैशाखात भिजवलेली पेंड दुपारपर्यंत आंबायला लागली आणि वहिनीही कंटाळली. म्हणाली, "भावजी, तुम्ही ठाण्याला जाता आणि माझ्यामागे रोजचं लावून जाता." ही गोष्ट मी सहज दुकानात बोललो. सूनबाई म्हणाली, मग एक दिवसाआड द्या ना, ९०० ग्रॅम. मला पटेना. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले की चालतं. पचनातून रक्तात गेलेलं नत्र जनावर लाळेतून पुन्हा पोटात आणतं, त्यामुळे पेंड दिवसाआड दिली तरी कारखाना बंद पडत नाही. भरड्याचं किंवा युरियाचं असं दिवसाआड साठवून घालायचं नाही, ते एकदम अंगावर येतं. तेव्हापासून आमच्याकडे सोम-बुध-शुक्र आणि रविवार सोयीने.

गोठ्यात सहावी एक पाडी आहे, तेव्हा चार महिन्यांची होती. तिला सरकी पेंड द्यायची नाही म्हणून दुकानातूनच बजावून पाठवलं. सरकीत एक विषारी द्रव्य असतं, मोठ्या गुराचं कोठीपोट ते बरंचसं निकामी करतं, लहान वासराचं ते पोट अजून तयार झालेलं नसतं.

चाटण वीट. युरिया, मळी, खनिजं, मीठ, थोडा कोंडा हे दाबून केलेली ३ किलोची वीट. गुरं चाटतात, युरियातलं नत्र थोडं थोडं पोटात जातं. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ही विटेची पद्धत देशभर नेली. फाल्गुनात तीन विटा आणल्या. सुक्या दिवसांत वस्तू झकास. पाच जणांत एक वीट तीनेक दिवस पुरायची. पेंडेच्या जोडीला तिची फारशी गरज नव्हती हे नंतर कळलं. पेंड परवडत नाही त्याने वीट, असा तिचा खरा उपयोग.

शेवटची वीट मात्र मला महाग पडली आणि चूक सर्वस्वी माझी. तिसरी वीट गव्हाणीच्या वर टांगून मी ठाण्याला आलो. मृगाची पहिली सर आली. आमच्या गोठ्याच्या ताडपत्रीला भोक आहे हे मला माहीत होतं. पाणी विटेवर, विटेचं पाणी गव्हाणीत. धाकटा गोऱ्हा ते प्यायला. अर्ध्या-पाऊण तासात अंग थरथरायला लागलं, तोंडाला फेस, पोट टम्म. वहिनीचा फोन आला तेव्हा मी कल्याणला गाडीत. डॉक्टरांना फोन लावला तर ते टोकावड्याच्या बाजूला कुठल्याशा गाईच्या बाळंतपणात अडकलेले. ते म्हणाले, मी पोचेपर्यंत व्हिनेगर पाजा, भरपूर थंड पाण्यातून, डोकं फार वर न धरता. गावात व्हिनेगर कुणाकडे असणार? पुतण्या मोटारसायकल काढून सरळगावच्या नाक्यावर चायनीजच्या गाडीवर गेला आणि त्याच्याकडच्या दोन्ही बाटल्या उचलून आणल्या. गोऱ्हा वाचला. त्या रात्री नाक्यावर कुणाला आंबट सूप मिळालं नाही. गाडीवाल्याने बाटल्यांचे पैसे घेतले नाहीत, पण अजून मी दिसलो की "काका, गोऱ्ह्याला मंचुरियन बांधू का?" विचारतो.

वीट घेताना दुकानात सांगितलं होतं : सहा महिन्यांखालच्या वासराला नाही, भुकेल्या पोटी नाही, ओली होऊ द्यायची नाही. पावसाचं सांगितलं तेव्हा मी मान डोलावली होती. कोकणातल्या पावसाच्या चार महिन्यांत ही वीट गोठ्यात ठेवूच नये, हे माझं मत. त्या दिवसांत गवतात प्रथिनं असतातच.

पावसाळ्यात उलटा हिशेब, आणि इथेच मला हे दुकान जास्त आवडलं. आषाढ लागल्यावर मी सवयीने पेंड मागितली तर सूनबाई म्हणाली, आता कशाला? कोवळ्या गवतात प्रथिनं भरपूर, पण त्यात पाणीच फार. पोट भरतं, ऊर्जा कमी पडते. आता तुमचा आवडता भरडा न्या, अर्धा किलो, कोंड्यात मिसळून, आणि खनिज मिश्रण रोज ३० ग्रॅम. भरडा वाईट नव्हता, वेळ वाईट होती. हिरव्या गवतावर तोच भरडा अंगी लागला, शेणही बिघडलं नाही. कोंड्यात १४-१६ टक्के प्रथिनं असतात, त्यामुळे तो दोन्ही ऋतूंत चालून जातो. इथला गव्हाचा कोंडा बरा असतो, चाळणीला माती लागत नाही.

तयार पशुखाद्याची पोतीही आहेत. शिवणीतलं लेबल मी ड्रॉइंग वाचावं तसं वाचतो. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रकारात किमान २२ टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के क्रूड प्रोटीन लागतं. पण हा आकडा नत्र मोजून ६.२५ ने गुणून काढतात. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे कागदावर एक किलो युरिया हे पावणेतीन किलोंहून जास्त 'प्रथिन' होतं. म्हणून लेबलवर युरियाची ओळ शोधायची. हे मी सूनबाईला सांगितलं, तिला माहीत होतं. शेठजींना नव्हतं.

शेठजींवरून तक्रारींकडे येतो. सून नसताना दुकानात जाऊ नये. शेठजी जुन्या वळणाचे : काय हवं, किती, घ्या, निघा. श्रावणात कोंड्याचं एक पोतं उघडलं तर आत हिरवट गोळे. परत नेलं तर म्हणाले, "वरचं काढून टाका, खालचं चांगलं आहे." बुरशीचं विष गोळ्यापुरतं थांबत नाही, ते आजूबाजूच्या कोंड्यात पसरलेलं असतं. मी वाद घातला, ते ऐकेनात, मी पोतं तिथेच पायरीवर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी सूनबाईचा फोन आला आणि पोतं बदलून मिळालं. पण मुरबाडला दोन खेपा झाल्या. पावसाळ्यात माल जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचायला हवा, हे इतकी वर्षं पेंड विकणाऱ्याला मी सांगायचं का?

दुसरी गोष्ट वजनाची. मी घरचा काटा लावतो. पेंडेचं एक ५० किलोचं पोतं ४८ किलो ६०० भरलं. सूनबाई म्हणाली, उन्हाळ्यात ओल उडते. थोडी उडत असेल, दीड किलो नाही. तेव्हापासून ती माझ्यासमोर मोजते आणि कमी भरलं तर तेवढे पैसे वळते करते. न मोजणाऱ्याचं काय होतं ते मी विचारलेलं नाही. घरपोच सोय नाही, एसटीच्या टपावर पोतं चढवायचे दिवस गेले, मी दूधवाल्याच्या टेम्पोत टाकून आणतो. दुपारी एक ते चार दुकान बंद. सोमवारी गर्दी.

आता टेपवरचे आकडे. काळी कालवड, पौष : घेर ४८ इंच, लांबी ४२, वजन १४७ किलो. तीन महिन्यांनी चैत्रात : घेर ५०, लांबी ४३, वजन १६३. दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. कुणी म्हणेल हे काय वाढणं झालं. पण आमच्या माळावर या दिवसांत गुरं घटतात, तिथे १६ किलो चढले. चार महिन्यांत एका जनावरामागे पेंडेचा खर्च दोन-सव्वादोन हजार झाला. मोठ्या गाईच्या वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत कालवड पोचली की गाभण करवायला हरकत नाही, असं डॉक्टर सांगतात, आणि काळी आश्विनात माजावर आली. तांबडी अजून नाही. ती मागच्या वर्षीच्या भरड्याचं देणं फेडतेय बहुतेक.

दादाने एवढंच केलं : यंदा दिवाळीची वाट न बघता, फुलोऱ्यात असतानाच माळावरचं अर्धं गवत कापून रचून ठेवलं. वजनाला कमी भरलं, पण हिरवट आहे, कसदार आहे. गवत जितकं उशिरा कापावं तितकं भारी भरतं आणि तितकं फोल होतं, हे त्याला मी सांगितलेलं नव्हतं. कुठून कळलं विचारलं तर म्हणाला, दुकानात गेलो होतो, त्या पोरीने विचारलं गवत कधी कापता.

दुकानाला पाचपैकी चार गुण. एक शेठजींच्या पायरीवर ठेवलेल्या पोत्यासाठी कापला. पेंडेचं रिकामं पोतं परत केलं की दहा रुपये मिळतात, माझ्याकडे सहा साठलीत. पौष जवळ आलाय, शुक्रवारी सकाळी जाईन, सूनबाई असते तेव्हा.